साखळी, जाळे आणि फड : ऊस-साखर व्यवहाराच्या निमित्ताने शाश्वततेच्या परिभाषेची चिकित्सा

१

वाणिज्य व व्यवस्थापन या शास्त्रांच्या मराठी परिभाषेत अलीकडील काही दशकांत जे शब्द रूढ झाले, त्यांमध्ये ‘पुरवठा साखळी’, ‘व्यावसायिक जाळे’ आणि ‘शाश्वतता’ या तीन शब्दांना विशेष महत्त्व आले आहे. हे शब्द आता शासकीय निर्णयांत, कारखान्यांच्या वार्षिक अहवालांत आणि प्रबंधांच्या शीर्षकांतही आढळतात. यांच्या आधारे एक सिद्धान्तही रूढ होऊ पाहत आहे. तो थोडक्यात असा : उद्योगसंस्था एकमेकींशी विश्वासाच्या व दीर्घकालीन संबंधांच्या जाळ्याने जोडल्या गेल्या म्हणजे माहिती, शिस्त व मूल्ये त्या जाळ्यातून वाहू लागतात, आणि त्यायोगे निसर्गाची व श्रमिकांची काळजी पुरवठ्याच्या शेवटच्या दुव्यापर्यंत आपोआप पोचते.

या सिद्धान्ताची परीक्षा करावयाची तर असे क्षेत्र हवे, की जेथे जाळे खरोखर दाट आहे, त्याचा इतिहास ज्ञात आहे आणि त्याची भाषा मराठी आहे. महाराष्ट्रातील ऊस-साखर व्यवहार या तिन्ही अटी पुऱ्या करतो. या व्यवहाराची भाषा हीच येथे पुराव्याची मुख्य सामग्री मानली आहे. व्यवहारात जो माणूस आहे तो वाक्यात आहे की नाही, आणि असल्यास कर्ता म्हणून आहे की केवळ करण म्हणून, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटतो. वस्तुतः तो जबाबदारीचा प्रश्न आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘साखळी’ हा शब्द संस्कृत ‘शृंखला’ या शब्दापासून प्राकृताच्या द्वारे आला आहे. शृंखला म्हणजे कड्यांची माळ, तशीच ती बेडीही. साखळीच्या रूपकात दोन गोष्टी गृहीत असतात : प्रत्येक कडी शेजारच्या दोन कड्यांनाच स्पर्श करते, आणि एका टोकाला दिलेला ताण दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो. ‘पुरवठा’ हा शब्द ‘पुरणे’ या धातूच्या प्रयोजक रूपापासून आला. कोणाला पुरावे, हा प्रश्न त्यात गर्भित असून त्याचे उत्तर नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने मिळते. म्हणजे ‘पुरवठा साखळी’ ही संज्ञा वस्तूकडे ग्राहकाच्या टोकावरून पाहते. उसाच्या फडात उभ्या असलेल्या माणसाला ही साखळी दिसत नाही; त्याला फक्त शेजारची कडी दिसते.

‘जाळे’ हे रूपक याहून उदार आहे. त्यात अनेक गाठी असतात आणि प्रत्येक गाठीतून अनेक धागे निघतात. परंतु जाळे हे पकडण्याचेही साधन आहे, ही त्याची दुसरी अर्थच्छटा मराठी वाचकास सांगावी लागत नाही. व्यवस्थापनशास्त्राने पहिली छटा उचलली व दुसरी सोडून दिली.

‘शाश्वत’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. मूळ इंग्रजी संज्ञेतील ‘सस्टेन’ हे सकर्मक क्रियापद आहे. त्याचा अर्थ पेलणे, धारण करणे, पोसणे असा होतो. पेलणारा कोणी तरी असल्याशिवाय ती क्रिया घडत नाही. ब्रुंटलांड आयोगाने १९८७ साली या संज्ञेची जी व्याख्या केली, तीतही आजची पिढी आणि उद्याची पिढी यांच्यातील देण्याघेण्याचाच विचार आहे. मराठीने तिच्यासाठी ‘शाश्वत’ हे विशेषण स्वीकारले. शाश्वत म्हणजे नित्य, अविनाशी. अध्यात्मात हे विशेषण आत्म्याला लागते. या भाषांतरात नात्याचा गुणधर्म झाला आणि पेलणारा वगळला गेला. ‘शाश्वत ऊस’ असे म्हटले की ऊस टिकतो, एवढाच बोध होतो. कोणाच्या पाठीवर टिकतो आणि कोणाच्या पाण्यावर, हे विचारण्यास त्या शब्दात जागा उरत नाही. शब्द बदलावा असा आग्रह येथे नाही. तो आता रुळला आहे. त्याने काय झाकले जाते याची जाणीव मात्र अभ्यासकाने ठेवली पाहिजे.

३

जाळ्यांच्या अभ्यासाला पाश्चात्त्य समाजशास्त्रात भक्कम पाया आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली असे दाखविले, की नवी माहिती माणसाला बहुधा सैल ओळखींतून मिळते, घट्ट नात्यांतून नव्हे. आणि १९८५ साली असे प्रतिपादले, की बाजारातील प्रत्येक व्यवहार सामाजिक संबंधांत रुतलेला असतो. स्वीडनमधील हाकान्सन व त्यांचे सहकारी यांनी उद्योगांच्या जाळ्याचे कर्ते, कृती व साधने असे त्रिविध विश्लेषण केले. गॅरी गेरेफी यांनी १९९४ साली वस्तुसाखळ्यांचे उत्पादकचालित व ग्राहकचालित असे दोन प्रकार कल्पिले. दुसऱ्या प्रकारात स्वतः काहीही न पिकविणारा मोठा खरेदीदार दूर बसून सारी साखळी हलवितो.

या सर्वांत प्रस्तुत विषयास सर्वाधिक उपयुक्त विवेचन रोनाल्ड बर्ट यांच्या १९९२ सालच्या ग्रंथात सापडते. बर्ट यांचे लक्ष गाठींपेक्षा गाठींमधील पोकळ्यांकडे आहे. ज्या दोन समूहांचा परस्परांशी थेट संबंध नसतो, त्यांच्यामध्ये उभा राहणारा मध्यस्थ त्या पोकळीवर जगतो. पोकळी बुजली तर त्याचे महत्त्व संपते. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जाळ्यातील तुटकपणा हा नेहमीच अपघात नसतो. कित्येकदा तो कोणाच्या तरी सोयीचा असतो, आणि म्हणूनच टिकून राहतो.

व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांनी ग्रॅनोव्हेटर यांच्याकडून संबंधांची ऊब घेतली. बर्ट यांच्या पोकळ्यांचा विचार मात्र प्रायः व्यक्तीच्या यशाचा मार्ग म्हणून सांगितला. शाश्वततेच्या चर्चेत पोकळीचा विचार क्वचितच होतो. वर उल्लेखिलेल्या सिद्धान्तातील मुख्य उणीव हीच आहे. जाळे काय वाहून नेते, एवढेच तो विचारतो. जाळे काय अडवून धरते, हा प्रश्न त्याला सुचत नाही.

४

महाराष्ट्रातील साखरेचे जाळे हे हेतुपूर्वक विणलेले जाळे आहे. त्या वेळच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणी-प्रवरानगर येथे, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ मध्ये झाला. शेतकऱ्याने केवळ कच्चा माल विकून थांबू नये, कारखान्याचा मालक व्हावे, ही त्यामागील भूमिका होती. पुढील काळात या नमुन्यावर कारखान्यांची रांग उभी राहिली, आणि कारखान्याभोवती सोसायट्या, जिल्हा बँक, शाळा-महाविद्यालये, दूध संघ व राजकीय सत्ता यांचे जाळे विणले गेले. बी. एस. बाविस्कर यांनी १९८० साली व डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या जाळ्याचे साक्षेपी वर्णन आहे. २०२१–२२ च्या हंगामात राज्यात सुमारे दोनशे कारखान्यांनी गाळप केले, त्यांपैकी जवळजवळ निम्मे खासगी होते. आणि साखरेचे उत्पादन सुमारे १३७ लाख टनांवर गेले.

हे जाळे कार्यक्षम आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. उसाची नवी जात आली की कारखान्याचे शेतकी खाते ती गावोगाव पोचविते. को-८६०३२ या जातीचा प्रसार हे त्याचे ठळक उदाहरण होय. लागणीची नोंद, आडसाली-पूर्वहंगामी-सुरू-खोडवा अशी वर्गवारी, तोडणीचा क्रम, वजनकाटा, साखर उतारा या सर्वांची माहिती सभासद आणि कारखाना यांच्यात नियमितपणे वाहते. दराच्या बाबतीतही हे संबंध केवळ विश्वासावर सोडलेले नाहीत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. २००९ पासून किमान दराऐवजी ‘रास्त व किफायतशीर दर’ ही संकल्पना आली. २०२५–२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये ठरविण्यात आला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्याच्यासाठी जाळे विणले गेले त्या सभासदापर्यंत त्याचे लाभ पोचले, आणि जेथे जाळे ढिले पडले तेथे कायद्याने त्याला ताण दिला. ‘सभासद’ हा शब्द या व्यवहारातील सर्वांत बलवान शब्द आहे. सभासदाला मत आहे, सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, थकबाकीसाठी दाद मागण्याचा मार्ग आहे. व्याकरणाच्या भाषेत तो कर्ता आहे.

५

आता याच जाळ्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळावयाचे. उत्तर प्रदेशात ऊस तोडून कारखान्यास पोचविण्याचे काम प्रायः शेतकरी करतो. महाराष्ट्रात तोडणी व वाहतूक कारखाना लावून देतो आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या दरातून वजा करतो. ‘तोडणी-वाहतूक खर्च वजा जाता’ हा हिशेबातील ठरीव शब्दप्रयोग आहे. बीड जिल्ह्यातून व इतर दुष्काळी भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे या वजाबाकीसाठी घर सोडतात. त्यांच्या संख्येचे निरनिराळे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. जे जाळे उसाचा उतारा दशांश चिन्हापर्यंत मोजते, त्याला ऊस तोडणारी माणसे लाखांच्या फरकानेही मोजता आलेली नाहीत. येथे ज्ञानाचा अभाव आहे असे मानणे कठीण आहे. जाळ्याला कशाची गरज वाटली आणि कशाची वाटली नाही, याचाच हा पुरावा समजला पाहिजे.

या टोकाकडील शब्दसंपत्ती तपासली असता हे अधिक स्पष्ट होते. नवरा-बायकोच्या जोडीला येथे ‘कोयता’ म्हणतात. ‘पन्नास कोयत्यांची टोळी’ म्हणजे शंभर माणसे. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ असे नाव आहे. करणाचे नाव कर्त्याला देण्याची लक्षणा भाषेत सर्वत्र आढळते, त्यात स्वतःहून काही वावगे नाही. परंतु ‘कोयता’ ही हिशेबाची एकक-संज्ञा आहे, आणि त्या एककात स्त्री स्वतंत्रपणे मोजली जात नाही. तिची मजुरी तिच्या नावे निघत नाही. कारण हिशेबात ती व्यक्तीच नाही, ती अर्ध्या कोयत्याहून अधिक काही नाही.

‘उचल’ हा दुसरा शब्द. उचलणे या धातूपासून झालेले हे नाम. हंगामापूर्वी मुकादम जोडीला जी रक्कम आगाऊ देतो ती उचल. शब्दात कृती घेणाऱ्याची आहे : त्याने उचलली. देणाऱ्याने बांधून घेतले, हा अर्थ शब्दात नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने मात्र नेमक्या याच व्यवहाराकडे उलट बाजूने पाहिले आहे. आगाऊ रकमेच्या मोबदल्यात माणसाचे श्रम व हालचाल बांधून घेणे हा त्या कायद्याच्या व्याख्येचा गाभा आहे. एकाच रकमेला बोलीभाषेत एक आणि कायद्यात दुसरा कर्ता मिळतो. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर ती पुढील वर्षाच्या डोक्यावर बसते. काम बुडाल्यास ‘खाडा’ लागतो, म्हणजे दंड कापला जातो.

‘मुकादम’ हा शब्द अरबी ‘मुकद्दम’ यापासून आला. त्याचा अर्थ पुढे असलेला, अग्रेसर. बर्ट यांच्या सिद्धान्तातील मध्यस्थाचे इतके नेमके नाव दुसऱ्या भाषेत क्वचितच सापडेल. मुकादम कारखान्याच्या तोडणी-वाहतूक यंत्रणेकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसा उचलतो, जोडप्यांना वाटतो, आणि मजुरीवर टक्केवारीने कमिशन घेतो. त्याला केवळ खलपुरुष समजणे चुकीचे होईल. उचल घेऊन जोडी आली नाही तर कर्ज त्याच्या अंगावर येते, आणि अनेक मुकादम स्वतः कालचे तोडकरी असतात. परंतु रचनेच्या दृष्टीने त्याचे कार्य स्पष्ट आहे. त्याच्यामार्फत पैसा खाली जातो व श्रम वर येतात. जबाबदारी मात्र त्याच्यापाशी येऊन थांबते. मजूर कोणाचा, असे विचारल्यास कारखाना मुकादमाकडे व मुकादम कारखान्याकडे बोट दाखवितो. ही पोकळी बुजली तर वैद्यकीय खर्च, भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई, मुलांचे शिक्षण या साऱ्या गोष्टी कारखान्याच्या दारात येतील. यास्तव ती बुजत नाही. यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात येणाऱ्या खानदेशी तोडकऱ्यांविषयी जे लिहिले, त्यातही हीच रचना दिसते. म्हणजे हा कोणा एका कारखान्याचा दुर्गुण नाही.

शेतकऱ्याच्या बोलण्यातही तोडकरी कर्ता म्हणून येत नाही. ‘उसाला तोड आली’, ‘अजून तोड मिळाली नाही’ असे तो म्हणतो. पाऊस यावा तशी तोड येते. कारखान्याच्या अहवालात ‘ऊस तोडला जातो’ असा कर्मणि प्रयोग असतो, आणि प्रबंधांत ‘तोडणी’ हे भाववाचक नाम पुरते. बोली, अहवाल व शास्त्र या तिन्ही स्तरांवर एकच मनुष्य वाक्यातून गळालेला आहे.

या गळतीचा परिणाम काय होतो, हे २०१९ साली उघड झाले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याच्या वृत्तांनंतर शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. फडाजवळच्या कोपीत पाणी नाही, शौचाची सोय नाही, पाळीच्या दिवसांत सुटी घ्यावी तर खाडा, आणि उपचारासाठी पैसे घ्यावे तर उचल वाढते. या अवस्थेतील निर्णयाला व्यक्तीची ‘निवड’ म्हणणे शब्दाचा दुरुपयोग ठरेल. दाट, जुने, विश्वासाचे म्हणून गौरविलेले जाळे या स्त्रियांच्या अगदी शेजारून जात होते. त्यातून त्यांच्यापर्यंत रक्कम पोचली. काळजी पोचली नाही.

६

श्रमाविषयी जे घडले तेच पाण्याविषयीही घडले आहे. येथे ‘फड’ हा शब्द मार्गदर्शक ठरतो. पश्चिम महाराष्ट्रात फड म्हणजे उसाचे उभे शेत. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर मात्र ‘फड पद्धती’ हे कित्येक शतके चालत आलेल्या सामाईक सिंचनव्यवस्थेचे नाव आहे. बंधाऱ्याखालील जमीन काही फडांत विभागलेली असते. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे. ऊस एका फडात, आणि तोही फेरपालटाने. पाटकरी, हवालदार, जागल्या हे सेवक गावाचे. पाणी कमी झाले तर उसाचा फडच सोडून द्यावयाचा. हेही एक जाळेच होय; परंतु त्याची एकक-संज्ञा पाणी आहे आणि पीक तिच्या अधीन आहे. निरा कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी जी ब्लॉक पद्धती आखली, तिचाही हेतू मर्यादित क्षेत्राला फेरपालटाने पाणी देण्याचा होता.

कारखान्याच्या जाळ्यात हा क्रम उलटला. तेथे एकक-संज्ञा टन झाली. गाळपक्षमता ठरली की तिला ऊस पुरविणे आले, आणि उसाला पाणी पुरविणे आले. कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या ऊसविषयक अहवालांत नोंदविले आहे, की राज्यातील पीकक्षेत्राच्या सुमारे ४ टक्के जागेवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी घेतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच २०१५–१६ च्या हंगामात मराठवाड्यातील साखर कारखान्यांनी गाळप केले होते. २०१७ साली राज्य शासनाने उसासाठी ठिबक सिंचन टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. ठिबकाने एकरी पाणी वाचते, हे खरे. परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला गेला तर नदीला काय मिळाले, हा प्रश्न एकराच्या हिशेबात बसत नाही.

उसापासून होणाऱ्या इथेनॉलची कथा याच जातीची आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ साली पाच वर्षे अलीकडे आणून २०२५–२६ करण्यात आले. इंधनाच्या हिशेबात ते हरित ठरते. पाण्याच्या हिशेबात त्याचा विचार वेगळाच करावा लागेल. एका साखळीतील शाश्वतता दुसऱ्या साखळीच्या खर्चाने मिळू शकते. साखळीच्या रूपकाला हे दिसत नाही, कारण ते एका वेळी एकच धागा पाहते.

७

यावर असा आक्षेप येईल, की ही सारी उदाहरणे स्थानिक जाळ्याची आहेत. मोठे खरेदीदार आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे आली म्हणजे चित्र बदलेल. या आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. उसासाठी ‘बॉन्सुक्रो’ ही लंडनस्थित संस्था २०११ पासून प्रमाणपत्रे देत आहे. तिच्या निकषांत पाणी, श्रम, उत्सर्जन असे सर्व विषय येतात, आणि मोठे खरेदीदार तिचे सदस्य आहेत. तथापि मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ व ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तात महाराष्ट्रातील ऊसतोडीतील कर्जबंधन, बालविवाह व गर्भाशय-शस्त्रक्रिया यांचे वर्णन करून, कोका-कोला व पेप्सिको यांसारख्या कंपन्यांच्या पुरवठ्याशी व प्रमाणपत्रांच्या तपासणीशी त्यांचा संबंध दाखविण्यात आला.

असे का व्हावे? प्रमाणपत्र कारखान्याला मिळते, आणि तपासनीस कारखान्याच्या नोंदी पाहतो. नोंदीत कोयता आहे, टन आहे, वजा केलेला खर्च आहे. ज्या पोकळीत माणूस हरवतो तिची नोंदच नसल्याने तपासणी प्रामाणिक असूनही रिकामी राहू शकते. भारतातील शेअरबाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांसाठी ‘सेबी’ने २०२२–२३ पासून सक्तीची केलेली उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाची पद्धतीही या मर्यादेतून सुटत नाही. मूल्यसाखळीतील भागीदार कोण, हे तेथे खरेदी-विक्रीच्या किमतीवरून ठरते. २०२५ पासून त्यासाठी २ टक्क्यांची मर्यादा आहे. साखर विकणारा कारखाना या चाळणीत अडकेल. ज्या स्त्रीच्या हातात कोयता आहे ती कोणत्याच टक्केवारीत बसणार नाही, कारण ती काहीच विकत नाही. तिची उचल आधीच झालेली आहे.

८

तर मग जाळी निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढावा काय? तसे मानणेही एकांगी ठरेल. जेथे जाळ्यातील एखाद्या गाठीवर नेमके दायित्व नाव घेऊन ठेवले गेले, तेथे तेच जाळे ते दायित्व वाहून नेते, असे दिसते. तोडणीचा दर राज्यभर एकाच कराराने ठरतो, ही साखरधंद्यातील दाट संघटनेचीच देणगी आहे. जानेवारी २०२४ मधील करारात मजुरीत ३४ टक्के वाढ झाली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळप केलेल्या उसावर प्रतिटन १० रुपये व शासनाकडून तितकीच रक्कम, अशी तरतूद २०२१ मध्ये करण्यात आली. तिची अंमलबजावणी हा स्वतंत्र परीक्षणाचा विषय आहे. परंतु तिच्यामागील तत्त्व विचारार्ह आहे. जे जाळे टन मोजण्यात निष्णात आहे, त्याच्या टनालाच माणसाचे देणे जोडले गेले.

बांगलादेशातील उदाहरण याला पुष्टी देते. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. त्या इमारतीतील कारखाने युरोप-अमेरिकेतील व्यापाऱ्यांच्या जाळ्यात आधीपासूनच होते, आणि त्या व्यापाऱ्यांच्या ऐच्छिक आचारसंहिताही होत्या. बदल झाला तो त्याच वर्षी झालेल्या अग्नी व इमारत सुरक्षेच्या कराराने. त्यात खरेदीदार कंपन्या व कामगार संघटना यांची नावे होती, बंधन होते आणि लवादाची तरतूद होती. दोनशेच्या वर कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. वेतनाचा प्रश्न त्या कराराने सोडविला नाही. इमारतींच्या सुरक्षेपुरता तो परिणामकारक ठरला. आचारसंहितेची वाक्ये ‘सुरक्षितता राखली जावी’ अशी होती. कराराची वाक्ये ‘सही करणारी कंपनी अमुक करील’ अशी झाली. जाळे तेच राहिले. वाक्याला कर्ता मिळाला.

९

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. व्यावसायिक जाळे हे शाश्वततेचे स्वाभाविक वाहक नाही. ज्या प्रयोजनासाठी ते विणले गेले, तेच ते उत्तम रीतीने वाहते. साखरेच्या जाळ्याने दर, वाण व पत ही सभासदापर्यंत नेली, आणि श्रम व पाणी ही त्याला बाहेरची म्हणून आयती मिळाली. म्हणून जाळ्याची घनता मोजून शाश्वततेचे अनुमान काढणारे संशोधन अपुरे आहे. प्रत्येक जाळ्याविषयी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत : त्याची एकक-संज्ञा कोणती, त्यातील पोकळी कोणाच्या उपयोगाची, आणि पोकळीपलीकडच्या माणसाला दाद मागण्याचा मार्ग आहे की नाही.

या कामी भाषेच्या अभ्यासकाला करता येण्यासारखे पुष्कळ आहे. करारपत्रे, उचलीच्या नोटरी केलेल्या चिठ्ठ्या, कारखान्यांचे अहवाल, ऊसतोड स्त्रियांची बोली यांचा तौलनिक संग्रह अद्याप व्हावयाचा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ‘शाश्वत पुरवठा साखळी’ असा विषय निवडताना आपल्या पहिल्या प्रकरणातील कर्मणि वाक्ये एकदा कर्तरी करून पाहावीत. ‘ऊस तोडला जातो’ याऐवजी कोणी तोडला, कोणाच्या सांगण्यावरून तोडला, त्याचे पैसे कोणी कोणाला दिले, असे लिहू गेले की माहितीतील खिंडारे आपोआप उघडी पडतात. पुढील संशोधनाचा आरंभ त्या खिंडारांपासून करावा लागेल.